वाचक विचारतात: मांदे भाषा, तिथले जेली गायक अन् मालीचा कापूस

मागच्या अंकात आपण आफ्रिकेतल्या माली देशाच्या कापसावर एक पान दिलं होतं. त्यात एका ओळीत येऊन गेलं होतं की तिथले बहुतेक कास्तकार बांबारा बोलतात अन् बांबारा ही मांदे घराण्यातली भाषा आहे. मला वाटलं होतं भावावर, बोंडअळीवर पत्रं येतील, पण जास्त पत्रं या एका ओळीवरच आली. मला त्याचा फार आनंद झाला म्हणून या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, वऱ्हाडीत असतील तर वऱ्हाडीत.

प्रश्न (दर्यापूर): भाऊ, मांदे म्हणजे एकच भाषा हाये का जात हाये का देश? आमच्या इथं चर्चा झाली त एक जण म्हणे आफ्रिकेत सगळे स्वाहिलीच बोलतेत.

नाही दादा, स्वाहिली पूर्वेकडची, केनिया-टांझानियाच्या बाजूची. मांदे पार दुसऱ्या टोकाला, नायजर नदीच्या वरच्या अंगाला अन् तिथून अटलांटिक समुद्रापर्यंत. आणि ती एक भाषा नाही, घराणं आहे. साधारण ६० ते ७० भाषा त्यात मोजतात, भाषा कुठं संपली अन् बोली कुठं सुरू झाली यावर आकडा मागंपुढं होतो. त्यातला सगळ्यात मोठा गट मांडिंग. मालीत त्याला बांबारा म्हणतात, गिनीत मानिंका, गांबिया अन् सेनेगलकडे मांडिंका, आयव्हरी कोस्ट अन् बुर्किना फासोत ज्युला, आणि या लोकांना एकमेकांचं बरंचसं समजतं, व्यापारी तर एकाच बोलीवर चार देशांतले बाजार करतात.

पण घराणं तेवढ्यावर थांबत नाही. सोनिंके आहे, गिनीच्या कोनाक्री शहरात चालणारी सुसू आहे, सिएरा लिओनची मेंडे, लायबेरियाची क्पेले अन् वाई, नायजर नदीवर मासे धरणाऱ्या बोझो लोकांची बोझो, अन् लांब पूर्वेला नायजेरियात बुसा. बांबारावाल्याला क्पेले ऐकून काही कळत नाही. अन् हे घराणं मुळात कोणाच्या नात्यातलं यावर अभ्यासकांत अजून वाद आहे बरं का. ग्रीनबर्ग नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं त्याला नायजर-काँगो या मोठ्या कुळात टाकलं, पण आपल्याकडे नामाला तीन लिंगं असतात तसे त्याच कुळातल्या स्वाहिलीत नामाचे दहाच्या वर वर्ग असतात, त्या कुळाची ती मोठी ओळख, आणि मांदेत ते अजिबात नाहीत. म्हणून काही जण म्हणतात हे कुळ वेगळंच काढा.

प्रश्न (बारावीची विद्यार्थिनी, आर्वी): आमचे एक सर वर्गात म्हणाले की वऱ्हाडी ही काही भाषा नाही, तिला व्याकरण नाही, आफ्रिकेतल्या बोलींसारखी आहे. मले लय राग आला पण उत्तर देता आलं नाही. खरंच त्या भाषांना व्याकरण नसते का?

ताई, तुझा राग बरोबर आहे आणि उत्तर मी देतो, वहीत लिहून घे. बांबारातलं एक साधं वाक्य: आ बे जी मिं. आ म्हणजे तो किंवा ती, जी म्हणजे पाणी, मिं म्हणजे पिणं. तो पाणी पितो. आता 'पीत नाही' म्हणायचं तर आ ते जी मिं. 'प्यायला' म्हणायचं तर आ ये जी मिं. 'प्यायला नाही' तर आ मा जी मिं. पाहिलंस का, क्रियापद जागचं हललं नाही, ना पुरुषाप्रमाणे ना लिंगाप्रमाणे, सगळा काळ अन् सगळा नकार त्या कर्त्यानंतरच्या एवढ्याशा शब्दानं उचलला. पाणी हे कर्म आपल्यासारखंच क्रियापदाच्या आधी येतं. पण जागा सांगायची असली की ती क्रियापदाच्या नंतर जाते: आ ये जी मिं सो कोनो, म्हणजे तो पाणी प्यायला घरात. सो म्हणजे घर अन् कोनो म्हणजे आत, आपल्या शब्दयोगीसारखं नामाच्या मागं लागतं. कर्त्यानंतर काळाचा शब्द, मंग कर्म, मंग क्रियापद, मंग बाकीचं, ही रचना मांदे घराण्यात जिकडं जाशील तिकडं इतकी पक्की मिळते की नातं ओळखायला अभ्यासक तीच वापरतात. वरून सुराचा हिशोब वेगळा, सो वरच्या सुरात म्हटलं तर घर अन् खालच्या सुरात म्हटलं तर घोडा, लहान लेकरू सुद्धा त्यात चुकत नाही. याला व्याकरण नाही म्हणायचं तर मंग व्याकरण कशाला म्हणायचं?

आणि वऱ्हाडीचं म्हणशील तर 'मी जाऊन राहिलो' सगळा विदर्भ म्हणतो, 'मी राहून जालो' कोणी म्हणत नाही. मले, तुले, त्याले, पोराले, सगळीकडं तोच 'ले'. ठरलेलं आहे म्हणूनच सगळ्यांचं सारखं निघतं. नियम पुस्तकात छापला नाही म्हणजे नियम नाही असं होत नाही. सरांना हे शांतपणे सांग, वाद घालू नको, वाक्यं फळ्यावर लिहून दाखव.

प्रश्न (जि. प. शिक्षक, धानोरा, गडचिरोली): माझी मायबोली गोंडी. तुमच्या पानावर ओळ होती की तिकडे एका माणसाने स्वतः लिपी बनवली अन् ती आज मोबाईलमध्ये चालते. त्याच्याबद्दल सविस्तर लिहा, आमच्या कामाचं आहे.

गुरुजी, हा प्रश्न अन् वरच्या ताईचा प्रश्न एकच आहे. त्या माणसाचं नाव सोलोमाना कांते. जन्म १९२२, गिनीतल्या कांकान शहराजवळच्या गावात. वडील कुराण शिकवायचे, मोठी शाळा होती त्यांची, पण वडील गेल्यावर हे व्यापारासाठी आयव्हरी कोस्टला गेले. तिथं १९४४ मध्ये त्यांच्या हातात एका लेबनीज पत्रकाराचं अरबी पुस्तक पडलं, त्यात लिहिलं होतं की आफ्रिकन लोकांच्या भाषा म्हणजे पाखरांचे आवाज, त्यांना व्याकरण नाही, त्या लिहिता येत नाहीत. हे वाचून त्यांची झोप उडाली असं त्यांचे शिष्य सांगतात. त्यांनी भांडण केलं नाही, काम सुरू केलं. आधी मांडिंग अरबी अक्षरांत लिहून पाहिली, जमलं नाही. मंग रोमन अक्षरांत लिहून पाहिली, त्यात सूर बसेनात, अन् सूर चुकला तर घराचा घोडा होतो हे वर आलंच आहे. शेवटी १९४९ मध्ये त्यांनी स्वतःची लिपी काढली, तिचं नाव न्को, म्हणजे 'मी म्हणतो', मांडिंगच्या सगळ्या बोलींत हे असंच म्हणतात म्हणून.

तिच्यात २७ अक्षरं आहेत, ७ स्वर, १९ व्यंजनं अन् एक नाकातला आवाज, आणि सूर दाखवायला स्वराच्या डोक्यावर खुणा. लिहायची उजवीकडून डावीकडे. ती दिशा कशी ठरवली तर असं सांगतात की त्यांनी अक्षरओळख नसलेल्या माणसांना, पोरांना मातीत रेघ ओढायला लावली, कुठून सुरू करता ते पाहिलं, बहुतेकांनी उजवीकडून ओढली.

पण मला यातली खरी शिकण्यासारखी गोष्ट लिपीच्या पुढची वाटते. नुसती लिपी काढून ते थांबले नाहीत, तिच्यात त्यांनी व्याकरण लिहिलं, कोश लिहिला, इतिहास लिहिला, झाडपाल्याच्या औषधांची पुस्तकं लिहिली, कुराणाचं भाषांतर केलं, शंभराच्या वर पुस्तकं होतील. म्हणजे शिकणाऱ्याला शिकल्यावर वाचायला काहीतरी होतं! सरकारी शाळा रोमनमध्येच शिकवत राहिल्या, न्को पसरली ती बाजारातून. व्यापारी शिकले, औषधवाले शिकले, एक शिकला की त्यानं दोघांना शिकवायचं, पुस्तक हातानं उतरवून घ्यायचं, पुढं झेरॉक्स आली तर झेरॉक्स मारायची. कांते १९८७ मध्ये गेले. २००६ मध्ये न्को युनिकोडमध्ये, म्हणजे सगळे संगणक अन् फोन वापरतात त्या अक्षरांच्या यादीत आली, आज फोनमध्ये कीबोर्ड आहे, अन् गुगल ट्रान्सलेटमध्ये बांबारा २०२२ ला आली, आपल्या कोंकणी अन् मैथिलीसोबत, न्को २०२४ ला.

आणि गुरुजी, आपल्या बाजूलाच बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी १९१८ मध्येच लिपी काढली होती, म्हणजे कांतेंच्या ३१ वर्षं आधी, अन् ती २०१७ पासून युनिकोडमध्ये आहे. लिपी आहे, फॉन्ट आहे. आता तिच्यात पोरांना वाचायला गोष्टी पाहिजेत, झाडपाला पाहिजे, हिशोब पाहिजेत. तुमच्या शाळेतल्या पोरांनी आजीकडून ऐकलेल्या पाच गोष्टी गोंडीत लिहून काढल्या तर आमच्याकडे पाठवा, या मासिकात आम्ही त्या छापू.

एक राहिलं. मांदे लोकांत न्को ही पहिली लिपी नाही. लायबेरियात वाई भाषेसाठी १८३० च्या दशकात मोमोलू दुवालू बुकेले यांनी लिपी काढली, का, की, कू अशा एकेका उच्चाराला एक चिन्ह, दोनशेच्या वर चिन्हं. ती शाळेत शिकवत नाहीत, घरी नाहीतर मित्राकडून शिकतात आणि तिच्यात पत्रं अन् हिशोब लिहितात. पावणेदोनशे वर्षांच्या वर झाले, चालू आहे.

प्रश्न (पांढरकवडा, यवतमाळ): माझा आजा परधान. किंगरी वाजवून गोंडांच्या कुळाची गाणी म्हणायचा, मानपान घ्यायचा. रेडिओवर ऐकलं की आफ्रिकेत बी असे लोक हायेत. खरं हाये का?

खरं आहे अन् तुमच्या आजोबांना हे ऐकून बरं वाटलं असतं. मांडिंग लोकांत त्यांना जेली म्हणतात, फ्रेंचमध्ये ग्रिओ. जेली जन्मानं असतो, कुयाते, जाबाते ही त्यांची आडनावं. यजमान घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ, लग्न जमवायला जेली, भांडण मिटवायला जेली, नाव ठेवायला जेली, अन् बायकाही गातात, मोठमोठ्या गायिका आहेत त्यांच्यात. वाद्यं मुख्य तीन. कोरा, मोठ्या भोपळ्यावर गाईचं कातडं ताणून २१ तारा. न्गोनी, ते लहान तंतुवाद्य. अन् बालाफोन, लाकडाच्या पट्ट्या अन् खाली भोपळे.

त्यांची सगळ्यात मोठी कथा सुंजाता केइताची. लहानपणी चालता न येणारं पोरगं, मोठं होऊन सोस्सोच्या राजाला, सुमाओरो कांतेला, १२३५ च्या सुमारास किरिनाच्या लढाईत हरवतं अन् माली साम्राज्य उभं करतं. सुमाओरोचा म्हणून सांगतात तो बालाफोन गिनीतल्या न्यागासोला गावात कुयाते घराण्यानं आजपर्यंत सांभाळलाय, रोज वाजवायचा नाही, ठरलेल्या प्रसंगालाच काढायचा, युनेस्कोनं त्याची नोंद २००१ मध्ये घेतली.

यात एक गोष्ट मला फार आवडते. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी, दिल्लीत तुघलकाच्या पदरी होता, आपल्या दौलताबादला येऊन गेला, तोच माणूस पुढं १३५२ मध्ये मालीला गेला. तिथं त्यानं सणाच्या दिवशी दरबारात कवी पाहिले, अंगात पिसांचा वेष, डोक्यावर लाकडाचं पाखराचं डोकं अन् त्याला लाल चोच, राजासमोर उभे राहून सांगताहेत की या आसनावर तुझ्याआधी अमका बसला त्यानं हे चांगलं केलं, तमका बसला त्यानं ते केलं, आता तूही असं कर की लोक नाव काढतील. जेलीचं काम नुसतं गोड गाणं म्हणायचं नव्हतं, राजाला तोंडावर आठवण करून द्यायचं होतं. दादा, आजोबांची गाणी कोणाला येत असतील तर आधी मोबाईलवर रेकॉर्ड करा, बाकीचं नंतर पाहू.

प्रश्न (राळेगाव): म्हणजे तिकडे बी जातीच हायेत का मंग?

आहेत, लपवायचं कशाला. जेली, लोहार म्हणजे नुमू, चामड्याचं काम करणारे गरांके, हे सगळे न्यामाकाला म्हणवतात, धंदा जन्मानं अन् लग्न बहुतेक आपसात. लोहाराची बायको मडकी करते. गायक सालिफ केइता जगभर गाजले, पण ते राजघराण्याच्या केइतांपैकी, अन् केइतांनी गायचं नसतं म्हणून घरातून मोठा विरोध झाला होता. अन् त्याहून वाईट म्हणजे पूर्वी गुलाम ठेवलेल्या घराण्यांतल्या लोकांचा छळ, मालीच्या कायेस भागात सोनिंके गावांत आजही त्यांना मारहाण होते, गावाबाहेर काढतात, त्याविरुद्ध तिथल्याच लोकांनी संघटना काढून लढा उभा केलाय. विदर्भातल्या माणसाला हे जास्त समजावून सांगायची गरज नाही.

पण एक चांगली रीतही आहे, सनांकुया. ठराविक आडनावांची एकमेकांशी थट्टेची सोयरीक असते, त्राओरेची जारासोबत, केइताची कुलिबालीसोबत. भेटले की पहिलं वाक्य 'तू शेंगाखाऊ' नाहीतर 'तू माझा गडी', आणि समोरच्यानं रागवायचंच नाही, तो हक्क आहे. अनोळखी गावात, सरकारी कचेरीत, रस्त्यावर पोलिसानं अडवलं तरी आडनाव कळलं की थट्टा सुरू होते अन् ताण उतरतो. खरंखुरं भांडण झालं तर मध्ये पडायला असाच सोयरा बोलावतात कारण त्याचं ऐकावंच लागतं.

प्रश्न (महिला बचत गट, समुद्रपूर): मालीच्या कापसाचं तिथंच कापड होते का सगळा बाहेर जाते? आम्हाला कापड रंगवायचं काम सुरू करायचं आहे.

ताई, बहुतेक रुई बाहेर जाते. सिकासो, कुतियाला हा त्यांचा कापूसपट्टा, आपल्यासारखाच कोरडवाहू, वेचाई हातानंच. सीएमडीटी नावाची कंपनी खत-बियाणं उधार देते, भाव आधी सांगते अन् कापूस घेताना उधारी कापते. २००० च्या हंगामात भाव अन् थकलेल्या पैशांवरून बऱ्याच कास्तकारांनी कापूस पेरलाच नाही, उत्पादन जवळपास अर्ध्यावर आलं होतं. २००३ मध्ये माली, बुर्किना फासो, बेनिन अन् चाड या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत अमेरिकेच्या कापूस सबसिडीविरुद्ध आवाज उठवला, तो वाद अजून पुरता मिटला नाही.

पण तुमच्या कामाचं आहे ते बोगोलान कापड. बायका सूत काततात, माणसं वीतभरापेक्षा अरुंद पट्ट्या विणतात, पट्ट्या जोडून कापड होतं. मंग न्गालामा झाडाचा पाला पाण्यात भिजवून नाहीतर उकळून त्यात कापड बुडवतात अन् उन्हात वाळवतात, रंग येतो पिवळा. तळ्याच्या तळाचा काळा गाळ मडक्यात भरून महिनोन् महिने मुरवलेला असतो, तो काडीनं कापडावर भरतात, म्हणजे नक्षी काढत नाहीत, नक्षीच्या भोवतीची जागा भरतात! गाळात लोह असतं अन् पाल्यात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ, दोन्ही भेटले की पक्का काळा रंग. वाळलं की धुवायचं, पुन्हा पाला, पुन्हा गाळ. शेवटी राहिलेल्या पिवळ्या नक्षीवर सोड्याचा साबण लावून उन्हात ठेवलं की ती पांढरी होते.

अन् ते न्गालामा झाड म्हणजे आपल्या धावड्याचा सख्खा भाऊ, एकाच वंशातलं, ज्याचा डिंक आपण बाळंतिणीच्या लाडूत घालतो तोच धावडा. आपल्या धावड्याच्या पाल्यातही टॅनिन भरपूर, चामडं कमवायला वापरायचे. एखाद्या फडक्यावर करून पाहा, तळ्याचा काळा गाळ गावात असेलच. साबण-सोडा लावताना मात्र हातमोजे घाला.

प्रश्न (पुसद): टिंबक्टूत मांदे बोलतात का?

टिंबक्टू हे मालीतलंच जुनं शहर, तिथली मुख्य भाषा सोंघाय, ती वेगळ्या घराण्यातली. पण शहर माली साम्राज्यात होतं, त्या साम्राज्याचा राजा मान्सा मुसा यानं १३२४ ला हजला जाऊन आल्यावर तिथं मशीद बांधली, ती उभी आहे.

प्रश्न (दिग्रस): नागपूरले आमच्या होस्टेलात मालीचा एक पोट्टा आला हाये, बांबारा बोलते. सगळे त्याच्याशी इंग्रजीतच बोलतेत. मले त्याच्या भाषेत नमस्कार करायचा हाये, शिकवा न भाऊ.

शिकवतो ना. सकाळी भेटला की म्हण, इ नी सोगोमा. तो पुरुष आहे म्हणून तो 'न्बा' म्हणून उत्तर देईल, बाई असती तर 'न्से' म्हणाली असती. लगेच पुढं जाऊ नको, तिथं नमस्कार लांब असतो, घाईत उरकणं बरं दिसत नाही. विचार, हेरे सिरा? म्हणजे रात्र सुखाची गेली ना. तो म्हणेल, हेरे दोरोन, सुखच आहे. मंग विचार, सोमोगो बे दि? घरचे कसे आहेत. तो म्हणेल, तोरो तु ला, त्यांना काही त्रास नाही. हेच त्यानं तुला विचारलं तर तूही हेच म्हणायचं, घरी काही कुरबुर असली तरी पहिलं उत्तर हेच, मंग बाकीचं बोलायचं. आडनाव विचारायला लाजू नको, तिकडे आडनावानं हाक मारणं हा मान आहे. आणि त्याच्या देशानं २०२३ च्या नव्या घटनेत फ्रेंचला राजभाषेवरून काढून बांबारासह १३ भाषांना तो दर्जा दिलाय, त्याबद्दल विचार, तास-दीड तास तरी बोलत बसाल.